गावाला जाऊन येतो

मी जळकुटी आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की म्हातारीनं लपवून ठेवलं. शेजारणीची भाकरी फुगली तरी माझ्या पोटात दुखतं. अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली, आता काय स्वभाव बदलणार आहे? पण जळण्यालाही काही कारण लागतं, आणि माझ्याकडं ते भक्कम होतं.

आमचे हे, सदाशिवराव, जमिनीच्या जुन्या कागदांच्या कचेरीत कारकून होते. निजामाच्या काळचे उर्दू कागद वाचणारी माणसं पोलीस ॲक्शननंतर कमी होत गेली, त्यामुळं साहेबलोकसुद्धा ह्यांना विचारून सही करायचे. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. दात जरा पुढं होते, म्हणून हसू आलंच तर हात तोंडावर जायचा. लग्नाच्या फोटोत ओठ असे घट्ट मिटलेत की बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी धरून आणलंय ह्यांना.

तर हा माणूस दर रविवारी सकाळी साडेसातला चपला घालायचा आणि दारातूनच म्हणायचा, "गावाला जाऊन येतो."

गाव म्हणजे कन्नड. तिथं सासऱ्यांची बारा एकर जमीन होती, बटईनं दिलेली. तीनच्या सुमाराला परत यायचे, "जेवून आलो" म्हणायचे आणि आडवे व्हायचे. लग्न झालं चौसष्ट साली, तेव्हापासून हेच. मला काही वाटत नव्हतं. शेताचा जीव असतो माणसाला.

बहात्तरच्या दुष्काळात सासऱ्यांनी ती जमीन विकली. मला आतून बरंच वाटलं. म्हटलं, चला, आता रविवारी माणूस घरात दिसेल. मुद्दाम सकाळी थालीपिठं लावली, लोण्याचा गोळा काढून ठेवला. साडेसातला हे चपलेत पाय घालून दारात उभे.

"गावाला जाऊन येतो."

माझं थालीपीठ तव्यावर करपलं. जमीन नाही, घर नाही, भाऊबंद नाहीत. मग कन्नडला आता राहिलं कोण? माझी मावसबहीण उमा राहिली होती.

उमा माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. गोरी, लांब केस, हातात कला. ह्यांना आधी उमाच दाखवली होती. पत्रिका जुळली नाही म्हणाले, आणि मग माझा नंबर लागला. उमाचं लग्न पुढं कन्नडच्या एका मास्तराशी झालं, आणि बहात्तरच्या आदल्याच वर्षी तो मास्तर वारला. एकटी बाई, शिवणकाम करून राहायची. आता सांगा, मी काय समजायचं?

विचारलं नाही मी. एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं आणि "हो" म्हणाले असते तर? आणि मी काय भीक मागू का, की बाबा मला खरं सांग? ताठ मानेनं डबा भरला, शर्टाला इस्त्री केली. फक्त उमाशी बोलणं टाकलं. तिची पत्रं यायची, ती मी न फोडता बंबात घालायची. त्या दिवशी आंघोळीचं पाणी जरा जास्तच कढत व्हायचं.

आणि पुरावे काय थोडे होते! रविवारी ह्यांच्या शर्टाला सुंठीचा आणि वेलदोड्याचा वास यायचा. खिशात एसटीचं तिकीट कधी सापडलं नाही, म्हणजे वाटेत फाडून टाकत असणार. घरात मी जायफळ घालून, आटवलेल्या दुधाची कॉफी करायची, सगळी आळी नावाजायची, पण हे म्हणायचे, "मला चहाच कर." म्हणजे कॉफी कुणाच्या हातची गोड लागत होती ते दिसतच होतं. शिवाय एक खोड लागली होती. चहा पिऊन झाला की रिकामा कप दोन बोटांत धरून डावीकडं उजवीकडं हलवायचा आणि मग खाली ठेवायचा. मी म्हणायची, "पाळणा हलवताय का?" मी आपली परत चहा ओतायची, आणि हे कसंनुसं तोंड करून प्यायचे.

दोन हजार आठ साली हे गेले. बारावं झाल्यावर कपाट आवरलं, तर स्वेटरच्या घडीत मऊ फडक्यात बांधलेला एक कप निघाला. एवढासा, मुठीत मावेल असा, कान नसलेला, काठाला निळी रेघ. घरातला नव्हता. मी विकत आणलेला नव्हता. म्हणजे तिचा! फोडणारच होते, पण पुरावा कुणी फोडतं का? सोळा वर्षं तो माझ्या लोखंडी पेटीत होता. सटीसामाशी काढायची, बघायची, अंगाची लाही लाही करून घ्यायची, परत ठेवायची.

आणि गेल्या महिन्यात फोन आला.

"चाची, मी सगीरा चाऊस बोलते. शहागंजहून. आम्ही कॉफीचं एक छोटंसं संग्रहालय काढलंय. सदाशिवचाचांचा एक कप तुमच्याकडं असंल. निळ्या रेघेचा. तो घेऊन याल का?"

माझ्या हातातली निवडायची मेथी खाली पडली. ह्या बाईला कपाचं कसं ठाऊक? आणि सदाशिवचाचा? एक उमा कमी होती, आता ही कोण उपटली? मी फोन कानाशी धरून म्हटलं, "येते." त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. ठरवलं, आता सोक्षमोक्ष. माझा नवरा उमाचा होता का नव्हता, मरायच्या आधी मला कळलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सुनेला म्हटलं देवळात जाते, कप पर्समध्ये घातला, आणि आमच्या समर्थनगरहून रिक्षानं शहागंज गाठलं. घड्याळाच्या मनोऱ्यामागं एक बोळ, बोळात सायकलचं दुकान, दुकानावर जिना. जिन्याशी पाटी होती, मराठीत आणि उर्दूत: "गावाखाना. कॉफीचं छोटं संग्रहालय." मी मनात म्हटलं, गावाखाना म्हणजे काय ग बाई? धर्मशाळा आहे का?

वर दोनच खोल्या. दोन खोल्यांना संग्रहालय म्हणायची हिंमत बघा. सगीरा साठीच्या आतबाहेरची, कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेली. चष्मा, सुती साडी. मला बघताच हात धरला. "चाची, आवो आवो. फोटोतल्यासारख्याच दिसता."

माझा फोटो हिच्याकडं? मी हात सोडवून घेतला. "आधी बघू दे काय आहे ते," म्हटलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय मला नाही, पण माणसं होती तिथं. एक कॉलेजातलं जोडपं फोटो काढत फिरत होतं.

पहिल्या भिंतीवर नकाशा. समुद्रापलीकडं येमेन, तिथून दोरा ओढलेला थेट आपल्या शहरापर्यंत. कुणा फकिरानं म्हणे हजहून येताना सात बिया कंबरेला बांधून आणल्या, अशी गोष्ट सांगतात. मला काय त्याचं? पुढं काचेत बुंद ठेवलेले, म्हणजे कॉफीचे दाणे, हिरवे, भाजके, आणि सुकलेली टरफलंसुद्धा. दाणे भाजायची लोखंडी कढई. पितळी खलबत्ता. चोचीसारख्या तोंडाची एक पितळी सुरई. मग एक फळी आमच्यासारख्यांची: पितळी डबा, जायफळाची किसणी, कपबशी. खाली लिहिलेलं, "मराठी घरातली कॉफी: दूध भरपूर, साखर भरपूर, जायफळ. कॉफी चवीपुरती." चवीपुरती! माझं नाक लालच झालं असेल.

सगीरा मागं मागं सांगत होती. "आमचे आजे-पणजे निजामानं अरबस्तानातून आणलेले शिपाई. चाऊस म्हणतात आम्हाला. पोलीस ॲक्शननंतर पलटणी मोडल्या, आजोबांची नोकरी गेली. बंदूक गेली, हा खलबत्ता राहिला. दर रविवारी दाणे भाजायचे, कुटायचे, सुंठ-वेलदोडा घालून उकळायचे. खलबत्त्याचा आवाज ऐकला की दोस्त लोक येत."

सुंठ-वेलदोडा. माझ्या कानात काहीतरी वाजलं.

"आणि हे बघा, चाची," तिनं एका चित्राकडं बोट केलं. चित्रात एक हात, हातात एवढासा कप, कपाच्या दोन्ही बाजूंना बाण. "पाहुण्याचा कप रिकामा झाला की आम्ही परत भरतो. भरतच राहतो. बस म्हणायचं असंल तर कप असा हलवायचा. नाय हलवला तर ओतणारा थांबत नसतो."

चव्वेचाळीस वर्षं तो माणूस माझ्यासमोर कप हलवून बस म्हणत होता, आणि मी चहा ओतत होते.

तेवढ्यात ते जोडपं पलीकडच्या भिंतीशी खिदळलं. पोरगी मोठ्यानं वाचत होती. "ऐक ना, हे ऐक. 'सदाशिवराव कारकून, बैठकीचे एकमेव ब्राह्मण सदस्य. अरबी कहव्याला आम्ही गावा म्हणतो. घरी खोटं बोलायचं नाही आणि खरंही सांगायची सोय नाही, म्हणून सदाशिवराव दर रविवारी गावाला जाऊन येतो असं सांगून निघत. ह्या तोडग्यावर बैठक चाळीस वर्षं हसली.' किती क्यूट!"

"लई भारी माणूस," पोरगा म्हणाला.

मी पुढं झाले. पाटीच्या वर मोठा केलेला फोटो. गच्चीवर चटईवर सहा पुरुष. मधला आमचा. मान मागं टाकलेली, तोंड आ करून उघडलेलं, सगळेच्या सगळे दात बाहेर, आणि दोन्ही हात मांडीवर. तोंडावर हात नाही! हातात निळ्या रेघेचा कप. माझ्या घरात हा माणूस असा कधी हसला नाही. पोरगा झाला तेव्हा नाही, नातू झाला तेव्हा नाही.

"काय क्यूट आहे ग त्यात?" मी त्या पोरीला म्हटलं. "बोल ना. तो घरी ज्या बाईला सांगून यायचा, ती मी. मी करपलेलं थालीपीठ खात होते तेव्हा हे इथं माझ्यावर हसत होते. क्यूट म्हणे!"

पोरगी सॉरी आजी सॉरी आजी करत जिना उतरली. सगीराचं तोंड उतरलं. आणि आतल्या खोलीतून एक खोल आवाज आला, "सगीरा, भाभी आयी क्या? अंदर लाव."

आत खाटेवर एक म्हातारा बसला होता. पांढरी दाढी, अंगात स्वेटर, सत्त्याऐंशी वर्षांचा. सगीराचे वडील, कमरोद्दीन. उठायला गेला, उठवेना, तर बसल्या बसल्याच हात छातीशी नेला.

"भाभी, मी कमरोद्दीन. सदाशिवबरोबर शाळेत होतो. पोलीस ॲक्शन झाली अन् शाळा उर्दूची मराठी झाली. मला क ला काना कळंना. सदाशिवनं शिकवलं, रविवारी रविवारी. वालिद त्याला फी म्हणून गावा पाजायचे. पोरं होतो अकरा वर्षांची. तेव्हापासूनचं आहे हे."

"म्हणजे लग्नाच्या आधीपासून," मी म्हटलं.

"व्हय. तुमच्या सासूबाईंच्या भावाचं घर रझाकारांनी जाळलं होतं. त्या आम्हा लोकांच्या घरचं पाणी चालू देणार नव्हत्या. त्यांचंही बरोबर होतं. म्हणून ते गावाचं काढलं त्यानं."

"सासूबाई अठ्ठ्याहत्तर साली गेल्या!" माझा आवाज खाली सायकलच्या दुकानात गेला असणार. "त्यानंतर तीस वर्षं जिवंत होते हे. तीस वर्षं तोंडात काय गुळणी धरली होती? मी काय कमरोद्दीनभाईंच्या घरी जाऊ नका म्हटलं असतं? मी भाकरी बांधून दिली असती! मला वाटलं..."

काय वाटलं ते परक्या पुरुषासमोर कसं सांगायचं? पण सांगितलं. तोंडच थांबेना. उमा, पत्रिका, बंब, सगळं. म्हातारा ऐकता ऐकता पांढरा पडला.

"या अल्ला," तो म्हणाला. "भाभी, आम्ही त्याला म्हणायचो, आता तर घरी सांग. तो म्हणायचा, सांगायचं काय त्यात, भानूला सगळं माहीत आहे. जमीन विकली तरी मी गावाला जातो म्हणतो, एका शब्दानं विचारत नाही. शर्टाला इस्त्री करून देते. अशी समजूतदार बाई शोधून सापडायची नाही. इथं बसून, तुमचा फोटो दाखवून तारीफ करायचा तुमची."

मी खाली बसले. खुर्ची होती का नव्हती ते बघितलं नाही, नशिबानं होती.

खरं सांगू? मला हायसं वाटायला पाहिजे होतं. नवरा स्वच्छ निघाला. कुणी म्हणेल, देवाला नारळ फोड. पण मी जास्तच पेटले. बाई असती तर तिच्या झिंज्या उपटता आल्या असत्या. ह्या दाढीवाल्याच्या काय उपटायच्या? माझ्या वाट्याला कप हलवणं आलं आणि ह्या लोकांच्या वाट्याला ते हसरे दात आले. चाळीस-पन्नास वर्षांचं सगळं बोलणं, हसणं, सगळे रविवार ह्या गच्चीवर सांडून माणूस घरी यायचा तो रिकामा. माझी तारीफसुद्धा ह्या लोकांपुढं! मला सांगितली असती तर काय जीभ झडली असती?

"माझ्या कॉफीला काय म्हणायचे?" मी विचारलं.

म्हातारा सगीराकडं बघायला लागला.

"बोला, बोला."

"खीर म्हणायचा," तो हळूच म्हणाला. "अच्छी खीर."

सगीरानं ट्रेमध्ये त्या सुरईतून गावा आणला, खजूर आणले. भिंतीवरच्या कपाटात पाच कप होते, निळ्या रेघेचे, सहावा ह्यांना भेट दिलेला, त्याची जागा रिकामी ठेवलेली. मी पर्समधून फडकं सोडलं आणि कप मांडीवर ठेवला. सगीराचे डोळे चमकले. तिनं हात पुढं केला.

"नाही द्यायचा," मी म्हटलं. "एवढा एकच आलाय माझ्या घरी तुमच्याकडून. जागा ठेवा रिकामी. लिहा खाली, बायकोनं दिला नाही म्हणून. तेपण क्यूट वाटेल लोकांना."

सगीरा म्हणाली, "लिहिते, चाची. आणि ती हसल्याची ओळ काढते."

"काढू नको. जे झालं ते झालं." मी गावा प्यायले नाही. जिद्दीनं प्यायले नाही. निघताना कमरोद्दीननं सगीराला खूण केली आणि तिनं एक पुडी माझ्या हातात कोंबली, कुटलेली. "साखर घालू नका," म्हातारा म्हणाला. "अन् भाभी, त्या बहिणीला भेटा."

हा कोण मला शिकवणारा! रात्रभर कुशी बदलत तेच म्हणत होते. पण बावन्न वर्षं. उमा ऐंशीची झाली, अजून मशीनवर बसते, एवढं माझ्या भावाच्या तोंडून कानावर होतं. सकाळी सात वाजता सून अंघोळीला गेलेली बघून मी पर्स उचलली, स्टँडवर आले आणि कन्नडच्या गाडीत बसले. बाहेर ऊस दिसायला लागला तेव्हा वाटलं, उतरावं आणि परत फिरावं. हा रस्ता हे दर रविवारी करतात असं मी छत्तीस वर्षं धरून चालले होते. वळण न् वळण मनात पाठ होतं, आणि त्या छत्तीस वर्षांत ह्यांनी ते बघितलंही नव्हतं.

कन्नडला उतरून एका पानवाल्याला विचारलं. "व्हय, शिवणवाल्या उमाबाई? त्ये काय, निळं गेट. पण ब्लाउज लई दिस लावतात बरं का."

दार उघडंच होतं. खिडकीशी मशीन, मशीनवर पाठमोरी उमा. ते लांब केस गेलेले, आता सुपारीएवढा अंबाडा. काय सांगू, तेवढ्यातही मला बरं वाटलं.

"कोण?" तिनं मागं न बघता विचारलं.

"मी."

"मी कोण?"

"भानू."

मशीनचं चाक थांबलं. ती वळली. जाड भिंगाचा चष्मा, डावा डोळा पांढुरका. म्हणाली, "कोण गेलं?"

बावन्न वर्षांनी बहीण दारात आली तर दुसरं काय विचारणार बिचारी? मी म्हटलं, "कुणी नाही गेलं. बसू दे जरा."

बसले आणि सांगितलं. जमिनीवर नजर ठेवून सगळं सांगितलं. ह्यांचं गावाला जाणं, माझं ते धरून बसणं. मान वर केली तर उमा हातातलं कापड तोंडाला लावून हलत होती. म्हटलं, रडतेय. हसत होती! हसता हसता ठसका लागला.

"अगं, सदाशिव? तो सदाशिव?" ती म्हणाली. "त्याला तर मीच नको म्हटलं होतं! पत्रिकेचं माझ्या वडिलांनी आपलं तोंडदेखलं सांगितलं. मी म्हटलं, ते दात बघून मला जन्मभर जेवण जायचं नाय."

"काय झालं होतं दातांना?" मी ताडकन उठले. "माझ्या नवऱ्याच्या दातांना काय झालं होतं? हसताना बघितलंस का कधी? फोटो बघ जा शहागंजात, कसा दिसतो तो माणूस! नको म्हणे! तू कोण लागून गेलीस त्याला नको म्हणणारी?"

उमाचं हसणं थांबलं. मला वाटलं, आता ही हाकलते. पण ती म्हणाली, "बस खाली. दम लागलाय तुला." मग म्हणाली, "म्हणून पत्रांना उत्तर नव्हतं?"

"वाचली नाहीत मी. बंबात घातली."

"अकराच्या अकरा?"

मी मान हलवली.

"बरं," उमा म्हणाली. हातातलं कापड गुडघ्यावर ठेवून तिनं ते सरळ केलं, परत सरळ केलं.

"काय लिहिलं होतंस?"

"काय लिहिणार? काय चुकलं माझं, एवढंच. शेवटच्यात तेवढं काम होतं. डोळ्याचं ऑपरेशन होतं तुमच्या शहरात, मोठ्या दवाखान्यात. चार दिवस तुझ्याकडं उतरू का म्हणून विचारलं होतं."

"मग?"

"मग काय. व्हरांड्यात झोपले चार दिवस. हिवाळा होता. पट्टीत पू झाला अन् हा गेला." तिनं डावा डोळा दाखवला, जशी उसवलेली शिवण दाखवावी तशी. "माझंच चुकलं. कार्ड टाकायला पाहिजे होतं, उघडं. पाकिटात घातलं."

समर्थनगर त्या दवाखान्यापासून रिक्षानं दहा मिनिटं आहे. मला रडूही येईना. मी तिचे पाय धरायला वाकले तर तिनं माझा दंड धरून वर ओढलं. "काय करतेस? ह्या वयात वाकलीस तर तुला उचलायला मला माणूस बोलवावा लागंल."

मी पर्समधून पुडी काढली. "गॅस पेटव," म्हटलं. "बघू तरी काय होतं एवढं त्यात."

पाणी उकळलं, पुडी टाकली, सुंठीचा वास सुटला. तोच वास, माझ्या छत्तीस वर्षांच्या रविवारांचा. कप एकच होता, निळ्या रेघेचा. तू आधी, तू आधी, असं चाललं. शेवटी मी प्यायले. तोंड असं कडू झालं की काय सांगू.

"शी!" मी म्हटलं. "ह्यापायी? ह्या काढ्यापायी मी तुला सोडलं, उमे?"

"आण इकडं," ती म्हणाली. प्यायली, तोंड वाकडं केलं, परत प्यायली. मी तिला कप हलवायचं सांगितलं. बस झालं की असा हलवायचा, नाही हलवला तर ओतणारी थांबत नाही. ती ऐकत होती, चांगला डोळा माझ्याकडं करून.

पर्समध्ये फोन वाजायला लागला. सूनबाई. "आई! सकाळपासून कुठं आहात तुम्ही? आम्ही सगळी आळी पालथी घातली!"

"गावाला आलेय," मी म्हटलं.

"गावाला? कुठल्या गावाला? परत कधी येणार?"

उमानं रिकामा कप माझ्यापुढं धरला होता. हात म्हातारपणानं थरथरत होता, म्हणून मी दुसऱ्या हातानं तो धरला आणि नीट बघितलं. हलवला नव्हता.

"माहीत नाही ग," मी सुनेला म्हटलं, आणि पातेलं उचललं.